बंदुकीच्या बाई

मी जळका माणूस आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मी स्वतःची बाजू सावरत लिहितोय असं कुणाला वाटायला नको. लग्नाला तेवीस वर्षं झाली आणि तेवढ्या काळात माझ्या बायकोला ज्याने ज्याने हसवलं, त्या प्रत्येकाचा मी मनातल्या मनात राग केला आहे. तिच्या लॅबमध्ये एक वेल्श सहकारी होता. तो नुसतं गुड मॉर्निंग म्हणाला तरी हिला हसू यायचं. नोकरी बदलून तो कार्डिफला गेला, तेव्हा त्याच्या निरोपाच्या केकचे मी दोन तुकडे खाल्ले. मराठी मंडळाच्या गणपतीत तिच्या शेजारी उभे राहून लेझीम खेळणारे एक काका होते, वय वर्षं बहात्तर. त्यांच्यावरही जळून झालं आहे. त्यामुळे मला या कामाचा चांगला सराव आहे. पण ज्या व्यक्तीवर मी सगळ्यात जास्त जळलो, तिला मी स्वतः शोधून, कागदपत्रं तपासून बायकोच्या पुढ्यात आणून उभं केलं होतं. आणि ती एक सत्तरीची बाई होती.

त्याआधी काय घडलं ते सांगायला हवं.

आम्ही दोघं लीड्सच्या बाहेर राहतो आणि जवळच्या एका हॉस्पिटलात काम करतो. मी म्हाताऱ्या माणसांचा डॉक्टर, ती पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये. तिची लॅब नव्या इमारतीत आहे. मागे उतारावर एक जुनी इमारत आहे, तिथे आता थोडी क्लिनिकं भरतात. माझंही एक भरतं, पण ते तीनच्या सुमाराला संपतं, आणि त्यानंतर तिकडे चिटपाखरू नसतं. दोघांच्या वेळा जुळत नाहीत, गाडी ती नेते नि मी बसने येतो, म्हणून आमचं घर मेसेजवर चालतं. येताना दूध आण, कौन्सिलचं पत्र आलंय का बघ, ड्रायक्लीनरकडून माझा कोट घे. माझे असे दिवसाला दहा मेसेज जातात. ती त्यांना फर्मानं म्हणते आणि मुकाट पाळते.

नोव्हेंबरमध्ये संध्याकाळी पाचला इकडे मिट्ट काळोख असतो. त्या दिवशी वॉर्डात मला सिक्युरिटीचा फोन आला. जुन्या इमारतीमागे लाँड्रीचा बोळ आहे, वॉर्डांकडे यायची जवळची वाट, तिथे कुणीतरी माझ्या बायकोची पर्स हिसकावून पळालं होतं. मी धावत खाली गेलो. सिक्युरिटीच्या खोलीत ती दोन्ही हातांत चहाचा कप धरून बसली होती, दोन गार्ड शेजारी उभे होते. पर्स गेली होती, फोन गेला होता. दम खाऊन मी पहिलं वाक्य बोललो ते हे: "अगं, पण तू त्या बाजूला गेलीसच कशाला?"

तिने माझ्याकडे बघितलं. मग कपात बघितलं.

"गेले," एवढंच म्हणाली.

पोलीस आले. एका तरुण पोलीसबाईने तिची जबानी घेतली आणि मला बाहेरच्या खुर्चीवर बसवलं. आत अर्धा तास काय बोलणं झालं मला कळलं नाही, आणि खरं सांगतो, त्या पोलीसबाईचाही मला राग आला. दुसऱ्या दिवशी बायको घरी राहिली. मी दाराजवळच्या खुंटीवरचा स्टेथोस्कोप गळ्यात टाकला आणि नेहमीसारखा कामावर गेलो.

त्यानंतर तिने तो विषय काढलाच नाही. मी काढला की "झालं ते झालं" म्हणायची आणि कांदा चिरायला घ्यायची. मात्र मागून कुणी चालत आलं की दचकायची. सुपरमार्केटमध्ये ट्रॉली भिंतीला लावून, पाठ टेकून उभी राहायची आणि मला म्हणायची, तू आण. ज्या बाईला गुंडाळायला रिक्षावाल्यांसकट अर्धं पुणं पुरलं नव्हतं, तिला असं बघवत नव्हतं. मी तिचं नाव लेजर सेंटरच्या, म्हणजे कौन्सिलच्या व्यायामशाळेच्या, सेल्फ-डिफेन्सच्या क्लासात घातलं. पहिल्याच दिवशी शिक्षकाने दाखवण्यासाठी तिला मागून धरलं. ती बाहेर आली आणि गाडीत बसून राहिली. "मला कुणी हात लावलेला नकोय," म्हणाली.

याच सुमाराला तिच्या धाकट्या बहिणीने ह्यूस्टनहून एक व्हिडिओ पाठवला. मेव्हणी तिकडे पिस्तूल चालवायला शिकत होती. समोर कागदाचा माणूस, ही त्याच्या छातीत भोकं पाडतेय आणि शिक्षक मागून शाबासकी देतोय. माझ्या बायकोने तो व्हिडिओ सात-आठ वेळा बघितला.

"मला हे शिकायचंय."

"अगं, हे इंग्लंड आहे. इथे पोलिसाच्या कमरेलासुद्धा बंदूक नसते."

"मग ते लोक हवेत चकत्या उडवून फोडतात ना, ते. नेम धरायला तर येईल. तू शोध ना कुणीतरी क्वालिफाइड. तुला शोधायला आवडतं."

ते मात्र खरं होतं. चौकशी हा माझा आवडता उद्योग. मुलीसाठी नर्सरी शोधताना मी तिथल्या आयांच्या फर्स्ट एडच्या सर्टिफिकेटची मुदत विचारली होती. आपल्याकडे स्थळ बघताना करतात तशी खणून चौकशी केल्याशिवाय मला चैन पडत नाही. मी एक तक्ता केला. राष्ट्रीय संघटनेचं प्रशिक्षकाचं प्रमाणपत्र आहे का, ते चालू आहे का, विमा आहे का, फर्स्ट एड येतं का, एका वेळी किती जणांना शिकवतात, नवशिक्याला कुठली बंदूक देतात. तक्त्यात न लिहिलेला एक रकाना माझ्या डोक्यात होता: वय किती आणि दिसायला कसा. हा रकाना सगळ्यात महत्त्वाचा होता हे मी तेव्हा स्वतःशीही कबूल केलं नसतं.

पहिल्या ठिकाणी फोन केला. माणूस अगदी मोकळा, हवापाण्याचं बोलला. मग त्याने विचारलं, कशासाठी शिकायचंय? आता आपण फॉर्म भरणारी माणसं. वर्षानुवर्षं व्हिसाचे फॉर्म भरून कारणाच्या रकान्यात खरं तेच लिहायचं, पूर्ण लिहायचं, खोडाखोड करायची नाही, हे हाडात भिनलेलं. मी सविस्तर सांगितलं. बायकोवर असा असा प्रसंग आला, तर सेल्फ-डिफेन्ससाठी.

मग तो माणूस वेगळ्याच आवाजात म्हणाला, "सर, बंदुकीच्या बाबतीत हे कारण या देशात चालत नाही. कुठल्याही कागदावर लिहू नका. आणि आमच्याकडे तर नाहीच." गुड डे म्हणून त्याने फोन ठेवला. मी सभ्य माणसाने दारातून हाकलल्यासारखा बसून राहिलो.

दुसरा निवृत्त सैनिक होता. आम्ही दोघं त्याला भेटायला गेलो. हा माणूस माझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनी मोठा असेल, पण पोट नव्हतं आणि डोक्यावरचे सगळे केस शाबूत होते. बायकोने कारण सांगितलं तर त्याने डोळा मारला. म्हणाला, कागदावर स्पोर्ट लिहू, बाकी मी शिकवतो, माणूस अंगावर आला तर काय करायचं सगळं शिकवतो. बायको हसली. बस्स, माझं ठरलं! मी त्याच्या भिंतीवरच्या प्रमाणपत्रासमोर जाऊन उभा राहिलो आणि चष्मा कपाळावर चढवून तारीख वाचली. मुदत संपून बराच काळ लोटला होता. विम्याचं विचारलं तर त्याने हवेत हात हलवला. गाडीत मी बायकोला मुदतीबद्दल आणि विम्याबद्दल गंभीरपणे सांगितलं, आणि ते सगळं खरंच होतं. केसांबद्दल मी काहीच बोललो नाही.

तिसऱ्या या बाई. डेल्सच्या, म्हणजे इकडच्या डोंगरदऱ्यांच्या, वाटेवर एका शेताच्या कडेला त्यांचं मैदान आहे. शाळेत पीटी शिकवून निवृत्त झालेल्या, बुटक्या, कानाला मशीन, गुडघ्यावर ठिगळ लावलेली पँट. प्रमाणपत्र चालू, विमा चालू, फर्स्ट एडची पेटी दारातच. एका वेळी एकच विद्यार्थी. माझे सगळे रकाने भरले, न लिहिलेल्यासकट. मी मनात पेढे वाटले.

बाईंनी माझ्या प्रश्नांची उत्तरं दिली आणि मग मला बाजूला सारून बायकोला विचारलं, तुला काय हवंय? बायकोने पुन्हा खरं सांगितलं. आम्ही सुधारणारे नव्हतो. बाई म्हणाल्या, "स्वतःला वाचवायला बंदूक हवी असेल, तर घरी जा, लव्ह. ती तुला मी देणार नाही, नि कुणी देत असेल तर त्याच्याकडे फिरकू नकोस. पण पाय रोवून उभं राहायचं आणि समोर बघायचं, हे शिकायचं असेल तर शनिवारी दहाला ये."

"शनिवार," बायको म्हणाली. मला विचारलंसुद्धा नाही.

मार्चपासून शनिवार असे सुरू झाले. मी गाडी चालवायची, बायकोला सोडायचं आणि गाडीतच बसून पेपर वाचायचा, कारण बाईंचा नियम होता की शिकवताना नातेवाईक जवळ नकोत. लांबून दिसायचं मात्र सगळं. पहिले दोन शनिवार बाईंनी काडतूस दाखवलंदेखील नाही. बंदूक उघडायची, नळ्या रिकाम्या आहेत हे स्वतः बघायचं, शेजारच्याला दाखवायचं, मिटायची, पुन्हा उघडायची. तोंड जमिनीकडे किंवा आभाळाकडे, माणसाकडे कधीच नाही. मी म्हटलं, चांगली आहे बाई, आपली निवड बरोबर. तिसऱ्या शनिवारी बायकोने बंदूक खांद्याला लावली आणि चकती सोडायला ओरडली, "पुल!"

मी पेपर खाली ठेवला. मला तिचा आवाज माहीत आहे. तो बँकेतल्या माणसाशी बोलतानाचा माहीत आहे, मुलीला उठवतानाचा माहीत आहे. हा आवाज मी तेवीस वर्षांत ऐकला नव्हता. नारिंगी चकती उडाली आणि हवेतच फुटून खाली आली. बायकोने बंदूक उघडली, रिकामी करून दाखवली, आणि मग बाईंच्या गळ्यात पडली. जिला कुणी हात लावलेला नको होता, ती स्वतः होऊन गळ्यात पडली. मी टाळ्या वाजवायला हव्या होत्या. त्याऐवजी मी हीटर वाढवला.

मग घरात बाईच बाई. बाई म्हणाल्या चकतीच्या पुढे बघायचं, बाई म्हणाल्या श्वास कोंडायचा नाही. बाईंना तिने साबुदाण्याची खिचडी नेली. बाईंना आवडली. मला कधी विचारलं नाही की खिचडी कशी झालीय, कारण मी ती गेली तेवीस वर्षं खातोय. सुपरमार्केटमध्ये ती आता पुढे चालायची आणि ट्रॉली मी ढकलायचो. मी खूश होतो. खरंच होतो, पण माझ्या खुशीच्या पोटात सारखं दुखत होतं. तिला बरं करणारा मी नव्हतो. कार्डिफला शिकणाऱ्या मुलीपाशी फोनवर मी कुरकुर केली तेव्हा ती म्हणाली, "बाबा, यू आर जेलस! किती क्यूट आहे तू. आई हॅपी आहे ना, मग?"

जून-जुलैतली गोष्ट. धडा संपून त्या दोघी बाकावर बसल्या होत्या, थर्मासमधला चहा घेत. मी गाडीतून बघत होतो. बायको बोलत होती आणि बाई ऐकत होत्या. मध्येच बायकोने आपला उजवा हात आडवा केला, मनगटापासून कोपरापर्यंतचा, आणि स्वतःच्या गळ्यावर दाबून दाखवला. मान मागे नेली, जणू मागे भिंत आहे. बराच वेळ तशी राहिली. बाईंनी काही केलं नाही, फक्त कप खाली ठेवला.

मला इतके दिवस माहीत होतं ते एवढंच, की पर्स हिसकावली. गळ्याचं मला माहीत नव्हतं.

अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. त्या बोळातल्या माणसाचा राग यायला हवा होता, आणि तोही आला, पण सगळ्यात आधी आला तो बाईंचा. मी रोज वीस म्हाताऱ्यांकडून त्यांच्या आयुष्याची कुलपं उघडून घेतो. माझ्याच घरातलं कुलूप एका परक्या पीटीच्या बाईने चहाच्या एका कपावर उघडलं होतं. आणि ती बाई मी निवडली होती. चालू विमा बघून.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, त्या वर्षी शनिवार होता. आमच्याकडे त्या दिवशी पाट मांडतात आणि ज्याच्यावर पोट चालतं ती हत्यारं त्यावर ठेवून पूजा करतात. आमच्या पाटावर दर वर्षी तेच: तिच्या लॅबमधली काचेची एक स्लाइड, विळी, गाडीची किल्ली आणि मधोमध माझा मरून रंगाचा स्टेथोस्कोप. मी इथली परीक्षा पास झालो तेव्हा तिनेच दिलेला. त्याला ती सगळ्यात मोठं फूल वाहायची. तेव्हापासून दर वर्षी.

त्या सकाळी मी आंघोळ करून आलो तर पूजा आटपली होती. पाटावर स्लाइड होती, विळी होती, किल्ली होती. मधोमध काडतुसांची दोन रिकामी लाल टरफलं होती आणि त्यांच्यावर शेवंती. स्टेथोस्कोप दाराजवळच्या खुंटीवर लटकत होता.

"विसरलीस का काही?" मी विचारलं.

"नाही," ती म्हणाली आणि प्रसादाची वाटी माझ्या हातात दिली.

नाही! निदान विसरले म्हणाली असती तरी चाललं असतं. मैदानावर पोहोचलो तर पुढचं नाटक. बायकोने पर्समधून हळदीकुंकवाची डबी काढली आणि बाईंना विचारलं, बंदुकीची पूजा करू का? माझी खात्री होती, आता बाई फटकारणार. बाईंनी नीट विचारून घेतलं, काय काय लावायचं असतं. मग म्हणाल्या, "लाकडी दस्त्याला लाव. नळ्यांजवळ पावडर नको. बंदूक उघडी आणि रिकामी राहील, आणि ती मी धरीन." त्यांनी बंदूक उघडली, रिकामी असल्याचं आम्हा दोघांना दाखवलं, टोपी काढली आणि दोन्ही हातांवर बंदूक घेऊन उभ्या राहिल्या. माझ्या बायकोने हळद लावली, कुंकू लावलं, फूल ठेवलं आणि वाकून नमस्कार केला. त्या चिखलात, मेंढ्यांच्या साक्षीने. आणि मग बाईंनाही केला.

मला राहवलं नाही. मी म्हणालो, "मलाही एक धडा हवाय. आज."

बायकोने माझ्याकडे जरा संशयाने बघितलं. बाई म्हणाल्या, चालेल, ही तोवर आत चहा घेईल. बायको गेली. बाईंनी मला अंतरावर उभं केलं आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यांच्या नाकाकडे बोट दाखवायला लावलं. कुठला डोळा हुकूम चालवतो ते असं कळतं म्हणे. माझा डावा निघाला, मी उजव्या हाताचा. म्हणजे मी आयुष्यभर बघतोय एकीकडे आणि नेम धरतोय भलतीकडे. बाईंनी चष्म्याच्या डाव्या काचेवर कागदाचा तुकडा चिकटवला. तरीही मी एकही चकती फोडली नाही. दहा उडाल्या, दहाही सुखरूप गवतात उतरल्या.

अकरावी उडवायच्या आधी मी बंदूक उघडून खाली केली आणि विचारलं, "तिने तुम्हाला काय सांगितलंय?"

बाईंना नवल वाटलेलं दिसलं नाही. "ते तिचं आहे. तिनेच सांगायचं."

"मला सांगत नाही ती."

"तुम्ही विचारलंत?"

"त्याच दिवशी विचारलं."

"काय विचारलंत?"

मी सांगितलं. शब्द न् शब्द सांगितला, फॉर्म भरावा तसा. बाई माझ्याकडून बंदूक घेऊन पुसत होत्या, त्यांचा हात थांबला. म्हणाल्या, "डॉक्टर ना तुम्ही? पेशंट समोर येऊन बसला की त्याला पहिला प्रश्न काय विचारता?"

काय होतंय. मी हेच विचारतो. तीस वर्षं, रोज, दिवसातून वीस वेळा. का केलंत असं मी कुणाला विचारत नाही, दारू पिऊन जिन्यावरून पडलेल्यालासुद्धा नाही. बाईंनी पुढे काही शिकवलं नाही. चष्म्यावरचा कागद मात्र आठवणीने काढून घेतला.

घरी आलो. पाट तसाच होता, शेवंती जरा मलूल झाली होती. बायको चहा घेऊन बसली. स्टेथोस्कोप का नाही ठेवलास, हा प्रश्न पार जिभेवर आला होता. तो गिळला आणि तिच्यासमोर बसलो.

"त्या दिवशी काय झालं?"

तिने कप खाली ठेवला. "मध्ये बोलणार नाहीस?"

"नाही."

मग तिने सांगितलं. त्या माणसाने आडव्या हाताने गळा दाबून तिला लाँड्रीच्या भिंतीला टेकवलं होतं. दुसऱ्या हाताने तो पर्स ओढत होता आणि पट्टा कोटात अडकला होता. "आणि मी त्याला सॉरी म्हणत होते. चार-पाच वेळा म्हटलं. माझी पर्स, आणि मीच सॉरी." ती हसली, पण ते हसणं नव्हतं. "पर्स गेली तरी मी भिंतीला चिकटून उभी. दुसऱ्या हातातली वस्तू मी इतकी घट्ट धरली होती, की गार्डने आल्यावर एकेक बोट सोडवलं माझं."

"कुठली वस्तू?" मी मध्ये बोललोच.

तिने दाराजवळच्या खुंटीकडे बघितलं.

"क्लिनिकमध्ये विसरला होतास तू. जाताना घेऊन जा, असा मेसेज केलास. म्हणून गेले."

ती हळू आवाजात पुढे म्हणाली, "तू विचारलंस, गेलीसच कशाला. त्या दोन गार्डांसमोर काय सांगणार होते? तुझीच मान खाली गेली असती. म्हटलं, घरी गेल्यावर तुला आठवेल. मग म्हटलं, उद्या आठवेल. तू सकाळी तो खुंटीवरून काढलास, गळ्यात टाकलास नि गेलास. रोज जात होतास. आज त्याला फूल वाहायला हात नाही झाला माझा."

बाईंना हे सगळं ठाऊक होतं. ठाऊक असून त्यांनी मला दहा चकत्या उडवून दिल्या होत्या आणि ब्र काढला नव्हता. त्यांच्यावर जळायला माझ्यापाशी काही उरलं नाही.

तिचा तो फोन चोरीला गेला होता, त्यामुळे तो मेसेज आता फक्त माझ्याकडे होता. मी तिच्यासमोरच माझा फोन काढला आणि मागे मागे जात नोव्हेंबरपर्यंत गेलो. होता. वेळ चार चाळीस. "स्टेथो जुन्या क्लिनिकमध्ये राहिला. निघताना घेऊन जा. मला सात वाजतील." त्याखाली तिचं उत्तर. "घेते. सकाळी मफलर घातला होतास, तोही तिथेच राहिला का? बसस्टॉपवर थंडी वाजेल तुला. शोधते, सापडला तर वॉर्डात आणून देते."

त्यावर मी नुसता अंगठा पाठवला होता.